लक्षण आणि साक्ष

'लक्षण' या शब्दाला मराठीत तीन घरे आहेत. शास्त्रात त्याचा अर्थ व्याख्या असा होतो. काव्याचे लक्षण, धर्माचे लक्षण असे म्हणण्याचा प्रघात त्यातूनच पडला. व्यवहारात तो शकुनाच्या जवळ जातो. 'लक्षण काही ठीक दिसत नाही' असे घरातले वडीलधारे माणूस म्हणते, तेव्हा त्यात येऊ घातलेल्या अनिष्टाची चाहूल असते. वैद्यकात तो आतल्या रोगाची बाहेर दिसणारी खूण दर्शवितो. या तिन्ही अर्थांना जोडणारा धागा असा की, लक्षण ज्याच्या ठिकाणी असते त्याला ते बहुधा दिसत नाही. ते दुसऱ्याला दिसते. लक्षणाला पाहणारा लागतो, आणि पाहणारा आला की त्याच्या पाहण्याच्या हक्काचा व जबाबदारीचा प्रश्नही येतो. तापाच्या किंवा खोकल्याच्या बाबतीत हा प्रश्न फारसा कुणाला छळत नाही. परंतु ज्या लक्षणाच्या पोटात एखादी घडलेली घटना दडलेली असते, किंबहुना दुसऱ्या माणसाने केलेले कृत्य दडलेले असते, तेथे ओळखणे ही केवळ ज्ञानाची क्रिया राहत नाही.

पीटीएसडी या आद्याक्षरी नावाने आता वृत्तपत्रांच्या वाचकांनाही परिचित झालेली आघातोत्तर ताणविकृती ही अशा लक्षणांची सर्वांत ठळक जागा. अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ साली निघाली. तिने या लक्षणांचे चार समूह मानले आहेत. घडून गेलेला प्रसंग इच्छेविरुद्ध पुन्हा पुन्हा मनात घुसतो, कधी दुःस्वप्न होऊन, कधी लख्ख जागेपणी. आणि तो आठवल्यासारखा येत नाही, आत्ता घडत असल्यासारखा येतो. त्या प्रसंगाकडे नेणाऱ्या वाटा, माणसे, विषय टाळले जातात. स्वतःविषयीच्या आणि जगाविषयीच्या समजुती काळवंडतात, अपराधभाव ठाण मांडतो, जिव्हाळ्याच्या माणसांविषयीही काही वाटेनासे होते. आणि शरीर अहोरात्र पहाऱ्यावर राहते: झोप तुटते, भांडे पडल्याच्या आवाजाने माणूस दचकतो, क्षुल्लक कारणावरून भडकतो. ही अवस्था महिन्याहून अधिक टिकली आणि तिने रोजचे जगणे विस्कटले, तर निदान केले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या वर्गीकरणाने ही यादी आखडती घेऊन तीन गोष्टींवर आणली आहे: प्रसंगाचे वर्तमानात पुन्हा घडणे, टाळणे, आणि धोका अजून टळलेला नाही ही सततची जाणीव.

यादी म्हणून हे सारे सुबोध आहे. घरात मात्र ते यादीच्या रूपाने कधीच येत नाही. दिवाळीत फटाके सुरू झाले की मागच्या खोलीत जाऊन बसणारा निवृत्त सैनिक, रात्री तीनदा उठून कडी तपासणारी आजी, लग्नकार्याला जायचे म्हटले की पोटदुखीचे निमित्त सांगणारी सून, मुलांना कधी जवळ न घेणारा बाप: घर या माणसांना रुग्ण म्हणत नाही. घर त्यांना तिरसट, संशयी, माणूसघाणी, कोरड्या काळजाची म्हणते. लक्षणाला स्वभाव समजणे हा या विकृतीच्या बाबतीतला सर्वांत जुना आणि सर्वांत निर्दय प्रमाद होय. कारण मराठीतच म्हण आहे की स्वभावाला औषध नाही. एकदा स्वभाव म्हटले की शोध थांबतो. त्या माणसाचे काय झाले हा प्रश्न मागे पडतो आणि तो माणूसच तसा आहे हे उत्तर पुढे येते. ज्या प्रश्नाने सुरुवात व्हायला हवी त्या प्रश्नाची जागाच अशा उत्तराने बळकावलेली असते.

असा प्रमाद केवळ घरे करतात असे नाही. १९१५ च्या फेब्रुवारीत केंब्रिजचा मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स याने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात फ्रान्समधील युद्धभूमीवरच्या तीन सैनिकांची हकीकत प्रसिद्ध केली. तोफगोळे जवळ फुटल्यानंतर त्यांची स्मृती, दृष्टी, गंध आणि रुची यांवर परिणाम झाला होता. 'शेल शॉक' ही सैनिकांच्या बोलण्यातली संज्ञा या लेखामुळे वैद्यकीय वाङ्मयात रुजली. पुढे स्वतः मायर्सलाच ती अयोग्य वाटू लागली, कारण ज्यांच्या आसपास एकही गोळा फुटलेला नव्हता अशा सैनिकांच्या ठिकाणीही तीच थरथर, तेच मुकेपण दिसू लागले. मग प्रश्न वैद्यकाकडून प्रशासनाकडे गेला. ब्रिटिश सैन्याने अशा सैनिकांच्या नोंदीपुढे एक अक्षर लिहिण्याचा दंडक घातला. शत्रूच्या माऱ्याचा तो परिणाम असेल तर 'डब्ल्यू', म्हणजे जखमी. तसे नसेल तर 'एस', म्हणजे आजारी. पहिल्या अक्षराबरोबर बाहीवर जखमेची पट्टी लावण्याचा मान होता आणि निवृत्तिवेतनाचा हक्क होता. दुसऱ्याबरोबर यांतले काहीच नव्हते. थरथरणारे हात दोघांचेही सारखेच असत. हातांकडे पाहून ते अक्षर ठरत नसे. हातांमागची जी घटना मान्य करायची किंवा अमान्य करायची, तिच्यावरून ते ठरे. १९१७ मध्ये तर ही संज्ञाच वापरू नये असा हुकूम निघाला आणि असे सैनिक 'अद्याप निदान न झालेले' या रकान्यात जाऊ लागले. निदान टाळणे हेही एक धोरण असू शकते, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा सापडणे कठीण.

त्याच युद्धात पलायन, भित्रेपणा आणि तत्सम आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश पार्लमेंटने २००६ साली कायद्याने क्षमा केली. त्यांतले सगळेच मनाने जखमी होते असे म्हणता येणार नाही. कोण होते आणि कोण नव्हते हे आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि खरी शोकांतिका तीच आहे. त्या कायद्यात असेही नमूद आहे की या क्षमेमुळे मूळ दोषसिद्धी किंवा शिक्षा यांवर परिणाम होत नाही. नव्वद वर्षांनी आलेली ओळखही अशी अर्ध्या पावलावर थांबली. हिंदी सैनिकांच्या वाट्याला याच संशयाचे आणखी एक रूप आले होते. फ्रान्समधून आलेल्या जखमी हिंदी सैनिकांच्या हातांवरील जखमा त्यांनी स्वतःच करून घेतल्या असाव्यात, असा समज अधिकाऱ्यांत पसरला होता. ब्रायटन येथील किचनर इंडियन हॉस्पिटलचे प्रमुख कर्नल ब्रूस सेटन यांनी एक हजार जखमांचे विश्लेषण करून त्या समजाला आधार नसल्याचा अहवाल दिला. दिसणाऱ्या, मोजता येणाऱ्या, रक्त वाहणाऱ्या जखमेलाही जेथे आपल्या खरेपणाचा पुरावा द्यावा लागला, तेथे न दिसणाऱ्या जखमेची काय कथा!

आज प्रचलित असलेले निदान १९८० साली, अमेरिकन निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत, प्रथम अधिकृत झाले. त्यामागे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या गटांनी आणि त्यांच्यासोबत बसणाऱ्या काही मनोविकारतज्ज्ञांनी एक दशकभर धरलेला आग्रह होता. त्याच काळात, १९७४ मध्ये, अ‍ॅन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बॉस्टनच्या एका रुग्णालयात आलेल्या बलात्कारपीडित स्त्रियांच्या अवस्थेचे वर्णन केले होते; आणि ती अवस्था रणभूमीवरून आलेल्या पुरुषांच्या अवस्थेशी विलक्षण मिळतीजुळती होती. या निदानाचे वेगळेपण असे की, त्याच्या व्याख्येतच कारणाला जागा आहे. विषण्णतेचे निदान करताना ती कशामुळे आली हे सांगावे लागत नाही. येथे मात्र घटना असल्याशिवाय विकृती नाही. वरवर पाहता ही तांत्रिक बाब आहे. नैतिकदृष्ट्या ती क्रांती होती, कारण दोषाचे बोट प्रथमच माणसाच्या दुबळेपणावरून त्याच्यावर कोसळलेल्या घटनेकडे वळले.

परंतु कोणती घटना? १९८० च्या व्याख्येत, आणि १९८७ च्या सुधारित आवृत्तीत अधिक उघडपणे, अशी अपेक्षा होती की ती घटना नेहमीच्या मानवी अनुभवाच्या कक्षेबाहेरची असावी. स्त्रीवादी मानसशास्त्रज्ञांनी विचारले, नेहमीचा अनुभव म्हणजे कोणाचा? ज्या समाजात घरातली मारहाण नेहमीची आहे तेथे ती कक्षेच्या आतली ठरते आणि तिची जखम कक्षेबाहेर फेकली जाते. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत ही अट वगळण्यात आली. भारतीय वाचकाला हा वाद परका वाटण्याचे कारण नाही. दलित आत्मकथनांनी १९७०-८० च्या दशकांत मराठी वाङ्मयापुढे ठेवलेला प्रश्न तत्त्वतः हाच होता. पाणवठ्यावरचा, शाळेतला, पंगतीतला अपमान ही एखाद्या तारखेला घडलेली घटना नव्हती. ती रोजची व्यवस्था होती. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये निवेदक स्वतःच्याच दुसऱ्या रूपासमोर बसून त्याची कहाणी ऐकतो, ही रचना केवळ निवेदनाची क्लृप्ती म्हणून वाचली गेली तेव्हा समीक्षेचेही काहीतरी हुकले. एका माणसाची दोन माणसे होणे हे तेथे रूपबंधाच्या पातळीवर आलेले लक्षण आहे. त्याला विकृतीचे नाव देण्याची मुळीच गरज नाही. मात्र ते कशाची साक्ष देते हे सांगण्याचे टाळणे ही वाचकाने केलेली चोरी ठरेल.

या निदानावर गंभीर आक्षेपही घेतले गेले आहेत आणि ते उडवून लावण्याजोगे नाहीत. मानववंशशास्त्रज्ञ अ‍ॅलन यंग यांनी १९९५ मध्ये दाखविले की, ही विकृती ज्या रूपात ओळखली जाते ते रूप निदानाच्या, उपचारांच्या आणि संशोधनाच्या विशिष्ट पद्धतींनी घडविलेले आहे. डेरेक समरफील्ड या मनोविकारतज्ज्ञाने २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये अधिक तिखट मांडणी केली: युद्ध, दडपशाही, विस्थापन या सामाजिक यातनांचे रूपांतर व्यक्तीच्या डोक्यातल्या बिघाडात केले जात आहे. यातला सत्यांश मोठा आहे. ज्या गावावर बॉम्ब पडले त्या गावाला समुपदेशक पाठवून बॉम्ब टाकणाऱ्याविषयी मौन पाळायचे, हा आपल्या काळातला एक सोयीस्कर परोपकार आहे. तथापि आक्षेपकांच्या युक्तिवादाचा शेवट जर 'म्हणून निदानच नको' असा होत असेल, तर ज्याच्या रात्री जळत आहेत त्याला हा युक्तिवाद काय देतो? त्याला पुन्हा त्याच्या तिरसट स्वभावाकडे परत पाठवले जाते. तेव्हा लक्षण ओळखण्यात दोष नसून, ओळखणाऱ्याची नजर माणसापाशी येऊन थांबते यात तो आहे.

भारतीय काव्यशास्त्राला लक्षणांचा हा प्रांत अपरिचित नव्हता. भरताने सांगितलेले आठ सात्त्विक भाव पाहावेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. अंग खिळणे, घाम, काटा, आवाज फुटेनासा होणे, कंप, रंग उडणे, डोळे वाहणे, शुद्ध हरपणे. मायर्सच्या काळातील रुग्णालयांच्या नोंदींतले सैनिक यांतल्या बहुतेक अवस्थांमधून जात होते. प्राचीनांना सगळेच ठाऊक होते असा सुलभ अभिमान येथे कामाचा नाही. भरत नटाला शिकवीत होता, रुग्णाला बरे करीत नव्हता. पण नटाला शिकवताना त्याला एक गोष्ट स्पष्ट करावी लागली: हे भाव मनातून उद्भवतात, मनाच्या एकाग्रतेवाचून ते दाखविता येत नाहीत, म्हणून त्यांना सात्त्विक म्हणायचे. आपल्या सैनिकांवर ढोंगाचा संशय घेणाऱ्या अधिकाऱ्यांपेक्षा नाट्याचार्याला ढोंगाच्या मर्यादा अधिक कळल्या होत्या, असे म्हणता येईल.

त्याहून महत्त्वाचे ते 'त्रास' या भावाचे स्थान. वीज, उल्का, वज्रपात, मेघांचा गडगडाट, हिंस्र पशूंची गर्जना यांमुळे उठणारा हा भाव भरताने तेहतीस व्यभिचारी भावांमध्ये घातला आहे. म्हणजे तो येतो आणि जातो. भय स्थायी, त्रास संचारी. आघातोत्तर अवस्थेची याहून नेमकी व्याख्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत करता येणार नाही की, जो भाव जाण्यासाठीच आला होता तो तेथे राहून गेला आहे. अभिनवगुप्ताने भयानक रसाची चर्चा करताना 'शाकुंतला'तल्या, दुष्यंताच्या रथापुढे धावणाऱ्या हरिणाचे उदाहरण घेतले आहे. प्रेक्षकाला जाणवणारे ते भय देशकालापासून सुटलेले असते, या हरिणाचे वा त्या हरिणाचे नसते, म्हणूनच त्याचा आस्वाद घेता येतो. आघाताने जखमी झालेल्याचे भयही देशकालापासून सुटलेलेच असते. त्याच्या प्रसंगाला तारीख उरलेली नसते. तो काल घडला की वीस वर्षांपूर्वी, हे शरीराला ठाऊक नसते. पण ही सुटका उलट्या दिशेची आहे. रसिकाचे भय 'मी'पासून सुटते, त्याचे भय 'मी'खेरीज कोठेच जात नाही. साधारणीकरण जेथे घडत नाही अशी ही स्मृती आहे, आणि कदाचित म्हणूनच तिला श्रोता लागतो.

मात्र श्रोता असणे सोपे नाही, हे सादत हसन मंटो यांच्या 'खोल दो' या फाळणीच्या कथेइतके निर्विवादपणे दुसऱ्या कोणत्याही भारतीय कथेने दाखविलेले नाही. अमृतसरहून निघालेल्या गाडीच्या धुमश्चक्रीत सिराजुद्दीन या म्हाताऱ्याची मुलगी सकीना हरवते. ती शोधून आणण्याचे वचन त्याच्याच समाजाचे स्वयंसेवक तरुण देतात. ती त्यांना सापडतेही. पुढे रेल्वेमार्गाजवळ बेशुद्ध मिळालेली एक मुलगी छावणीच्या इस्पितळात आणली जाते, म्हातारा मागोमाग जातो आणि ती सकीनाच असल्याचे ओळखतो. डॉक्टर खिडकी उघडायला सांगतात. ते शब्द ऐकून त्या निर्जीव देहाचे हात हलतात आणि आपल्या सलवारीची नाडी सोडतात. मुलगी जिवंत आहे म्हणून बाप आनंदाने ओरडतो. डॉक्टर घामाने डबडबून जातात.

कथा येथे संपते. एकच हालचाल दोघांनी पाहिली आहे. बापाला ती जीवनाची खूण वाटली, आणि तो चुकला असे म्हणवत नाही. मुलगी खरोखरच जिवंत होती. डॉक्टरांना तिच्यात सगळा मधला काळ वाचता आला: कोणते शब्द, किती वेळा, किती जणांनी उच्चारल्यावर हात असे आपसूक चालतात. निदानपुस्तिकेच्या काटेकोर भाषेत सकीनाला आघातोत्तर ताणविकृती झालेली नाही, कारण महिना उलटलेला नाही. मंटोसमोर तर ती पुस्तिकाही नव्हती. पण लक्षण ओळखणे म्हणजे काय, हे डॉक्टरांच्या त्या घामाइतके कोणत्याही पुस्तिकेने सांगितलेले नाही. स्वेद हा सात्त्विक भाव येथे पीडितेच्या नव्हे, पाहणाऱ्याच्या अंगावर उमटला आहे. ज्याने खरोखर ओळखले त्याच्यापाशी काही उपाय नव्हता, आणि तरीही तो ओळखण्यापूर्वीचा माणूस राहिला नाही. याच्या शेजारी व्हर्जिनिया वुल्फच्या 'मिसेस डॅलोवे' (१९२५) मधला डॉ. होम्स उभा करून पाहावा. युद्धातून परतलेल्या, मेलेला मित्र समोर दिसणाऱ्या, काहीच न वाटण्याच्या शिक्षेने खचलेल्या सेप्टिमसला काहीही झालेले नाही असा त्याचा ठाम निर्वाळा असतो. आणि त्याच होम्सची पावले जिन्यावर वाजतात तेव्हा सेप्टिमस खिडकीतून उडी घेतो, तर होम्स त्याला भित्रा ठरवतो. होम्सला घाम फुटत नाही.

फाळणीनंतर अपहृत स्त्रियांना शोधून परत आणण्यासाठी १९४९ मध्ये कायदा झाला, आणि त्या स्त्रियांना परत जायचे आहे की नाही हे विचारण्याची त्यात गरज मानली गेली नाही. त्यांच्या मौनाकडे अभ्यासकांचे लक्ष जायला अर्धशतक लागले. उर्वशी बुटालिया यांचे आणि ऋतू मेनन व कमला भसीन यांचे ग्रंथ १९९८ साली आले. वीणा दास यांनी या मौनाविषयी जे लिहिले आहे त्याने लक्षण ओळखण्याच्या प्रश्नाला एक अवघड वळण मिळते. टाळणे हे लक्षण आहे, असे निदानपुस्तिका म्हणते. पण जी स्त्री नव्या घरात, नव्या मुलांमध्ये पन्नास वर्षे एक शब्द न बोलता जगली, तिचे न बोलणे हे लक्षण की निर्णय? भरताच्या यादीत 'अवहित्था' नावाचा एक व्यभिचारी भाव आहे. मनातली अवस्था चेहऱ्यावर दिसू न देणे म्हणजे अवहित्था; लाज, भय, पराभव, वडीलधाऱ्यांचा आदर, कपट ही तिची कारणे. झाकणे हाही भाव आहे, त्यालाही त्याचे कारण आहे आणि त्याचा मान आहे, ही दृष्टी आधुनिक उपचारशास्त्राला सहज पेलणारी नाही, कारण सांगितल्याने मोकळे व्हायला होते ही त्याची श्रद्धा आहे. पुष्कळदा ती खरीही ठरते. परंतु सांगण्यासाठी जे ऐकून घर बदलणार नाही असे घर लागते. ते नसताना एखादीच्या लक्षणावर बोट ठेवून ते उघड करणे म्हणजे 'खोल दो' या शब्दांचा पुनरुच्चारच. ओळखणाऱ्याने ओळखूनही गप्प राहावे, आणि गप्प राहूनही आपण ओळखले आहे हे तिला कळावे, अशी काही रीत आपल्या जुन्या घरांतल्या काही स्त्रियांना साधली होती. रात्री कडी तपासायला उठणाऱ्या सासूच्या अगोदर उठून, कडी लावली आहे असे अंधारातच सांगणाऱ्या सुनेचे ज्ञान कोणत्या शास्त्रात घालावे हे सांगता येत नाही.

विकृती कोठे संपते आणि शहाणपण कोठे सुरू होते, हाही प्रश्न उरतोच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून झोपलेल्या किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांवर भूकंप कोसळला. हजारो माणसे मेली ती धरणीच्या कंपापेक्षा घरांनी मारली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जडशीळ माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारी, पिढ्यांची प्रतिष्ठा सांगणारी ही घरेच थडगी झाली. नंतर कितीतरी काळ माणसे छपराखाली झोपायला धजत नव्हती. पत्र्याच्या शेडमध्ये, अंगणात, उघड्यावर रात्र काढीत. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यांतल्या त्या माणसांची भीती यादीत बसते: टाळणे, दचकणे, झोप उडणे. पण तिचा आशय खोटा नव्हता. घर मारते हे त्यांना कळले होते, आणि ते कळणे खरे होते. भूकंपशास्त्रज्ञ आणि वास्तुतज्ज्ञ नंतर अहवालांतून तेच सांगत होते. ही लक्षणे म्हणजे निव्वळ बिघाड मानली, तर त्यांतले ज्ञान हरवते. निव्वळ ज्ञान मानली, तर चाळीस वर्षांचा धडधाकट माणूस भिंतीला पाठ न लावता रात्रभर बसून राहतो, त्याच्या यातनेला नकार मिळतो. शरीर खरे बोलत असते, फक्त चुकीच्या काळात बोलत असते. त्या बोलण्यातले खरेपण मान्य करून मग त्याला काळाचे भान आणून देणे, हा क्रम उलटला की उपचार उपदेशासारखे होतात.

आतापर्यंत ज्यांचा उल्लेख आला ते, शिक्षा झालेल्या सैनिकांसह, सहन करणारे होते. त्यांची लक्षणे ओळखताना करुणेला अडचण येत नाही. अडचण येते ती करणाऱ्याच्या लक्षणांपाशी. व्हिएतनामहून परतलेल्यांत गावे जाळून आलेलेही होते आणि झोप त्यांचीही उडाली होती. बॉस्टनमध्ये अशा सैनिकांवर उपचार करणारे जोनाथन शे यांनी १९९४ साली अकिलीजच्या कथेशी त्यांच्या हकीकती ताडून पाहिल्या आणि भय व शोक यांपलीकडची, नीतीच्या ठिकाणी झालेली जखम वेगळी काढली. महाभारताच्या वाचकाला याचे आश्चर्य वाटू नये. अश्वत्थाम्याचा पिता एका अर्धसत्याने शस्त्र खाली ठेवायला लावून मारला गेला. त्या असत्याला नावही याचेच वापरले गेले होते. त्यानंतर त्याने रात्रीच्या शिबिरात शिरून झोपलेल्यांना, द्रौपदीच्या पाच मुलांसह, मारले. आघात सोसलेला आणि आघात करणारा येथे एकच माणूस आहे. मस्तकीचा मणी काढून घेऊन कृष्णाने त्याला दिलेला शाप मृत्यूचा नाही. पू आणि रक्त यांचा वास अंगाला घेऊन, एकट्याने, तीन हजार वर्षे भटकण्याचा आहे. मरणाने जे संपले असते ते संपू नये अशीच ती योजना आहे. युधिष्ठिरालाही युद्धानंतर राज्य नकोसे होते आणि त्याची समजूत घालायला सारे शांतिपर्व खर्ची पडते. अश्वत्थाम्याची समजूत घालायला कोणी बसत नाही.

अश्वत्थाम्याला आधुनिक निदान चिकटवणे हास्यास्पद होईल. पण व्यासांच्या ग्रंथाने त्याला जेथे सोडून दिले तेथून लोकमानसाने त्याला उचलले, हे नोंदविण्यासारखे आहे. नर्मदेच्या परिसरात आणि महाराष्ट्रातही असे सांगितले जाते की तो अजून हिंडतो आणि कपाळावरच्या वाहत्या जखमेसाठी दारोदार तेल मागतो. त्याने काय केले हे ही गोष्ट सांगणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. मुलांना ती सांगताना झोपलेल्यांची हत्या कोणी गाळीत नाही. गुन्ह्याची क्षमा या लोककथेत कोठेही नाही, जखम भरल्याचा उल्लेखही नाही. तिन्हीसांजेला दाराशी कोणी अनोळखी माणूस उभा आहे, त्याच्या कपाळाला फडके बांधलेले आहे, आणि तो थोडे तेल मागतो आहे, एवढेच तिच्यात आहे. आणि घरातली बाई बुधली आणायला आत वळते.